ॲप्लिकेशन, सेशन की रिक्वेस्ट: एकच सीएफसी सगळीकडून वापरायची तर ठेवायची कुठे?

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे पुढे घोळ नको. कोल्डफ्युजनमध्ये (वेबसाइट बनवायची ॲडोबची भाषा आणि सर्व्हर) डीलर लोकांच्या ऑर्डरचं पोर्टल आहे. प्रॉडक्ट, टॅक्स, रेट, कार्ट असे दहा-बारा कंपोनंट, म्हणजेच सीएफसी. आधी तू प्रत्येक पानावर क्रिएटऑब्जेक्ट मारत होतास, मग सिनियर म्हणाला सगळे ॲप्लिकेशन स्कोपमध्ये टाक, एकदाच बनतील आणि कुठूनही वापरता येतील. तू टाकलेस. (स्कोप म्हणजे गोष्ट ठेवायची जागा: ॲप्लिकेशन सगळ्यांना सामायिक, सेशन एका युजरचं, रिक्वेस्ट पानाच्या एका मागणीपुरती.) पानं सेशनमधल्या कार्टवर चालतात म्हणून ऑनसेशनस्टार्टमध्ये, म्हणजे नवीन सेशन सुरू होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, एक ओळ लिहिलीस, सेशन डॉट कार्ट बरोबर ॲप्लिकेशन डॉट कार्ट. आणि आता एका डीलरच्या कार्टमध्ये दुसऱ्याचा माल दिसतोय, अधूनमधून रेटही चुकीचा येतोय, आणि तुझ्या मशीनवर मात्र काहीच होत नाही.

दोन वेगळे बग आहेत हे. पहिला सोपा आहे, दुसरा माणसाला रडवतो.

पहिला तुझ्या त्या एका ओळीत आहे. सीएफसी असाइन केली की कॉपी होत नाही, नुसता रेफरन्स जातो. म्हणजे ऑब्जेक्ट मेमरीत एकच आणि त्याच्याकडे बोट दाखवणारी नावं दोन, एक ॲप्लिकेशनमध्ये आणि एक सेशनमध्ये. पन्नास डीलर लॉगिन झाले की पन्नास सेशन त्याच एका कार्टकडे बोट दाखवतात. नाव सेशनचं आहे म्हणून वस्तू सेशनची झाली असं होत नाही. वेगवेगळ्या स्कोपमधून एक कंपोनंट शेअर करायचा म्हणजे एवढंच असतं, आणि सर्व्हिससाठी (टॅक्स, रेट यांसारखं सगळ्यांचं काम करून देणारा कंपोनंट) आपल्याला हेच हवं असतं, पण कार्टसाठी तो अपघात आहे. स्ट्रक्टचंही असंच होतं. ॲरे मात्र ॲडोबच्या इंजिनमध्ये मुळात कॉपी होऊन जातो आणि ल्युसीमध्ये (तीच भाषा चालवणारं दुसरं, ओपन सोर्स इंजिन) रेफरन्सने, त्यामुळे एका इंजिनवर शिकलेला माणूस दुसऱ्यावर गेला की चार दिवस डोकं खाजवतो.

कोणी म्हणेल मग ड्युप्लिकेट मार ना. कोल्डफ्युजन ८ पासून सीएफसीवर ड्युप्लिकेट चालतं, बरोबर आहे, पण ते डीप कॉपी करतं, म्हणजे कार्टच्या आत प्रॉडक्ट सर्व्हिस धरलेली असेल आणि तिच्या आत डीएओ (डेटाबेसशी बोलणारा कंपोनंट) असेल तर ते सगळं लटांबर प्रत्येक सेशनला वेगळं मिळणार. एक शेअर्ड सर्व्हिस ठेवायला निघालो होतो आणि झाल्या पन्नास, वर मेमरी गेली ती वेगळीच. ऑनसेशनस्टार्टमध्ये सरळ नवी कार्ट बनव, तिथे काटकसर करू नकोस.

आता मी स्वतः कसं ठरवतो ते सांगतो. कंपोनंट बघितला की एकच गोष्ट विचारतो, याला दोन रिक्वेस्टच्या मध्ये काही लक्षात ठेवायचंय का, आणि कोणासाठी. काहीच लक्षात ठेवायचं नसेल, किंवा सगळ्यांसाठी सारखंच असेल, जसं डेटासोर्सचं नाव, तर ॲप्लिकेशन. एका माणसासाठी लक्षात ठेवायचं असेल तर सेशन. एका पानापुरतं असेल तर रिक्वेस्ट, आणि बहुतेक वेळा तेही नाही, आर्ग्युमेंट म्हणून पुढे पाठवलं की झालं. सर्व्हर स्कोपला हात लावायची वेळ माझ्यावर इतक्या वर्षांत दोनदाच आली असेल.

खानावळीचं डोळ्यासमोर आण. आचारी एकच असतो, ताटं ज्याची त्याची. टॅक्स, रेट, प्रॉडक्ट हे आचारी झाले आणि कार्ट म्हणजे ताट. तुझ्या सिनियरने आचाऱ्याबद्दल सांगितलं ते बरोबरच होतं, तू ताटही एकच ठेवलंस.

दुसरा बग, चुकीचे रेट. हा मी स्वतः भोगलाय. एका क्लायंटचं असंच वितरकांचं पोर्टल होतं आणि महिनाअखेरीला, संध्याकाळी पाच ते सातच्या मध्ये, टार्गेट पूर्ण करायला सगळे एकदम तुटून पडायचे. बरोबर त्याच दोन तासांत फोन यायचा की कोल्हापूरच्या डीलरला नाशिकच्या डीलरचा रेट दिसला. एकदा दिसला, रिफ्रेश केलं, गेला. आम्ही ब्राउझर कॅशेला शिव्या दिल्या, मग प्रॉक्सीला, मग डीलरलाच म्हणालो तुम्ही दुसऱ्याच्या लॉगिनने बसला असाल. तीन दिवस. शेवटी निघालं काय तर रेट सर्व्हिसमधल्या एका फंक्शनमध्ये क्वेरीचं नाव नुसतं लिहिलेलं होतं, आधी व्हार नाही की लोकल नाही (यातलं एक लावलं की नाव त्या फंक्शनपुरतंच राहतं).

हे नीट समजून घे. सीएफसीच्या फंक्शनमध्ये तू नुसतं नाव वापरून काही सेट केलंस की ते फंक्शनपुरतं राहत नाही, कंपोनंटच्या व्हेरिएबल्स स्कोपमध्ये जाऊन बसतं. पानाचा व्हेरिएबल्स वेगळा आणि कंपोनंटच्या आतला वेगळा, नाव तेच ठेवून ज्याने कोणी गोंधळ घातला त्याला माझा नमस्कार. पानाचा रिक्वेस्टबरोबर मरतो आणि कंपोनंटचा त्या ऑब्जेक्टइतकाच जगतो. म्हणजे प्रत्येक पानावर नवीन ऑब्जेक्ट बनत होता तोपर्यंत व्हार विसरलं तरी काही बिघडत नव्हतं, ऑब्जेक्टच मरायचा आणि कचरा बरोबर घेऊन जायचा. तोच ऑब्जेक्ट ॲप्लिकेशनमध्ये टाकला की ते नाव सगळ्या युजरच्या मध्ये सामायिक झालं. आचाऱ्याने ऑर्डर डोक्यात ठेवायच्या ऐवजी भिंतीवरच्या एकाच पाटीवर लिहायची असं ठरवलं, आणि पुढचा वेटर आला की आधीची पुसली.

आमच्या फंक्शनमध्ये असं व्हायचं. कोल्हापूरच्या रिक्वेस्टने क्वेरी चालवली, त्याचा स्लॅब आला. पुढच्या ओळीत त्या स्लॅबवरून डिस्काउंट काढायचं होतं, मध्ये स्कीम तपासायला आणखी एक क्वेरी होती, ती समज पन्नास-साठ मिलिसेकंद घ्यायची. तेवढ्यात नाशिकची रिक्वेस्ट त्याच फंक्शनमध्ये शिरली आणि तिने स्लॅबची क्वेरी चालवली, नाव तेच, जागा तीच. कोल्हापूरची रिक्वेस्ट स्कीमवरून परत आली आणि नाशिकचा स्लॅब वाचून पुढे गेली. एरर नाही, लॉग नाही, काही नाही. आकडाही पटण्यासारखा, कारण तो खरा रेट होता, फक्त दुसऱ्याचा.

तुझ्या मशीनवर का दिसत नाही ते आता कळलं असेल, तिथे तू एकटाच आहेस. दाखवायचं असेल तर युक्ती सोपी आहे. संशय असलेल्या फंक्शनमध्ये क्वेरी आणि हिशोब यांच्या मध्ये स्लीप टाक, पाच हजार मिलिसेकंद. दोन वेगळे ब्राउझर उघड, दोन वेगळ्या डीलरचं लॉगिन कर, एकात बटण दाब, दोन सेकंद थांब, दुसऱ्यात दाब. पहिल्यात दुसऱ्याचा रेट आला की बग सापडला. महिनाअखेरीची वाट बघायची गरज नाही. फक्त ते स्लीप लाइव्हला जाऊ देऊ नकोस, हेही अनुभवाने सांगतोय.

व्हार विसरलेलं कुठे लपतं तर क्वेरीच्या नावात, लूपच्या इंडेक्समध्ये आणि सीएफएचटीटीपी, सीएफफाइल, सीएफडिरेक्टरी यांसारख्या टॅगच्या रिझल्टमध्ये. साध्या असाइनमेंटला लोक व्हार लावतात कारण ती डोळ्यांना दिसते, टॅगच्या ॲट्रिब्यूटमध्ये लिहिलेलं नाव म्हणजेही व्हेरिएबल बनतंय हे मात्र लक्षात येत नाही. आणि लूपचा तो आय! दोन रिक्वेस्ट एकच आय वाढवतायत आणि कार्टमधल्या ओळी गाळल्या जातायत, हेही मी बघितलंय. हाताने शोधत बसू नकोस, व्हारस्कोपर किंवा सीएफलिंट (कोड तपासून अशा जागा दाखवणारी टूल्स) चालव, पहिल्यांदा चालवलंस की यादी बघून घाम फुटेल. जुन्या कोडमध्ये फंक्शनच्या सुरुवातीला व्हार लोकल बरोबर स्ट्रक्टन्यू अशी ओळ दिसेल. कोल्डफ्युजन ९ च्या, म्हणजे २००९ च्या आधी व्हार फंक्शनच्या डोक्यावरच लिहावं लागायचं, म्हणून लोकांनी ती सोय काढली होती, नंतर ॲडोबने लोकल हा खराच स्कोप करून टाकला. ती ओळ निरुपद्रवी आहे, राहू दे. ल्युसीवर असशील तर लोकलमोड मॉडर्न करता येतो, मग फंक्शनमधलं नुसतं नाव आपोआप लोकल होतं, पण जुना कोड मुद्दाम त्या गळतीवरच अवलंबून असला तर तो मोडेल, तेव्हा आधी टेस्टवर कर.

लॉकबद्दल विचारलं नाहीस पण पुढचा प्रश्न तोच असणार. सापडेल तिथे सीएफलॉक (एका वेळी एकाच रिक्वेस्टला आत सोडणारा टॅग) लावायची सवय जुन्या पिढीची. कोल्डफ्युजन ५ पर्यंत शेअर्ड स्कोप वाचतानासुद्धा लॉक नसेल तर मेमरी करप्ट व्हायची आणि सर्व्हर झोपायचा, म्हणून लावायचेच. २००२ ला एमएक्स आलं, इंजिन जावावर गेलं (सीएफसीही त्यातच आल्या) आणि ते कारण संपलं. आता लॉक फक्त रेस कंडिशनसाठी, म्हणजे वाच, विचार कर, लिही या तीन पायऱ्यांच्या मध्ये दुसऱ्याने घुसू नये म्हणून. व्हार विसरलेल्या फंक्शनभोवती लॉक लावून बग दाबणारे लोक मी बघितलेत. दाबला जातो खरा, पण मग सगळे डीलर एका रांगेत उभे राहतात आणि दुसऱ्या दिवशी सर्व्हर स्लो म्हणून तिकीट येतं.

कार्टला मात्र थोडा लॉक लागतो. सेशन एका माणसाचं असलं तरी त्याची रिक्वेस्ट एकच असते असं नाही. दोन टॅब असतात, एजॅक्स (पान न बदलता मागून जाणाऱ्या रिक्वेस्ट) असतं, आणि नेट स्लो म्हणून ऑर्डरचं बटण तीनदा दाबणारा काका तर प्रत्येक क्लायंटकडे असतोच. ऑर्डर कन्फर्म होते तेवढ्या चार ओळींवर एक्स्क्लुझिव्ह लॉक, नावात सेशन आयडी घालून, टाइमआऊट पाच-दहा सेकंद, बास. स्टॉक कमी करायचं काम लॉकच्या भरवशावर ठेवू नकोस. लॉक त्या एका सर्व्हरपुरता असतो, उद्या दुसरा सर्व्हर जोडला की त्याला याची खबरही नसते. स्टॉक डेटाबेसमध्येच सांभाळ, अपडेट करतानाच शिल्लक मागणीएवढी आहे का ही अट घाल आणि किती ओळी बदलल्या ते बघ.

आता जोडणी कशी करायची. ऑनॲप्लिकेशनस्टार्टमध्ये (ॲप्लिकेशन सुरू होताना एकदा चालणारं फंक्शन) आधी डीएओ बनव, मग त्या डीएओ इनिटमध्ये (ऑब्जेक्ट बनताना चालणारं फंक्शन) देऊन सर्व्हिस बनव, इनिटमध्ये आलेला रेफरन्स व्हेरिएबल्समध्ये ठेव आणि त्यानंतर त्या व्हेरिएबल्सला कोणी हात लावायचा नाही. धिस (this) स्कोपमध्ये काही ठेवू नकोस, ते बाहेरून कोणीही बदलू शकतं. दहा-बारा कंपोनंटला एवढं हाताने लिहिलेलं पुरतं. तीस-चाळीस झाले की डीआय/१ नाहीतर वायरबॉक्स (ही जोडणी आपोआप करणारी फ्रेमवर्क) घे, जुन्या प्रोजेक्टमध्ये कोल्डस्प्रिंग सापडेल, आहे तिथे चालू दे.

आणि सर्व्हिसच्या आतून सेशन किंवा फॉर्म वाचायचा मोह आवर. टॅक्स सर्व्हिसला डीलरचं राज्य हवंय ना, मग राज्य आर्ग्युमेंटमधून दे. तिने आतून सेशन डॉट डीलर डॉट राज्य वाचलं की ती दिसायला ॲप्लिकेशनमध्ये असते पण सेशनशिवाय तिचं पान हलत नाही. रात्री शेड्यूल्ड टास्क चालतो, तो काय डीलर म्हणून लॉगिन होऊन येत नाही, आणि सकाळी इन्व्हॉइस नाहीत म्हणून तुला फोन. अगदीच नाइलाज असेल तर एकच छोटा कंपोनंट ठेव जो सेशनशी बोलतो आणि बाकी सगळे त्याला विचारतात, म्हणजे निदान घाण एका कोपऱ्यात राहते.

आता जो भाग कोणी सांगत नाही तो. सर्व्हिस ॲप्लिकेशनमध्ये ठेवल्यावर नवीन फाइल सर्व्हरवर टाकली तरी जुना ऑब्जेक्ट जुन्याच कोडने चालत राहतो. म्हणून रीइनिट लागतो, यूआरएलमध्ये काहीतरी दिलं की कंपोनंट परत बनतात असा. त्याला पासवर्ड लाव, नाहीतर कोणीतरी गंमत म्हणून मारत बसेल. इंजिन स्वतः ऑनॲप्लिकेशनस्टार्ट चालवतं तेव्हा बाकीच्या रिक्वेस्ट थांबवून ठेवतं, पण तू हाताने तेच फंक्शन बोलावलंस तर कोणी थांबत नाही. मग लाइव्ह सर्व्हरवर अर्धे कंपोनंट नवे आणि अर्धे जुने अशा अवस्थेत लोकांच्या रिक्वेस्ट त्यातून जातात. मी सगळे कंपोनंट आधी एका लोकल स्ट्रक्टमध्ये बनवतो, सगळे नीट बनले की शेवटी एकाच असाइनमेंटने तो स्ट्रक्ट ॲप्लिकेशनमध्ये ठेवतो. मध्येच एरर आली तर जुनं सगळं जसंच्या तसं चालू राहतं.

आणि रीइनिट केला तरी सेशनमधल्या वस्तू जुनेच रेफरन्स धरून बसतात. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, एसी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आमच्याकडे दर टॅक्स सर्व्हिस बनतानाच डेटाबेसमधून उचलून आत ठेवत होती. रात्री बारानंतर टेबल अपडेट केलं, रीइनिट मारला, स्वतः लॉगिन होऊन बघितलं, १८, झोपलो. सकाळी सात वाजता फोन, काही जणांना अजून २८ दिसतंय. काही जणांनाच! सेल्सवाल्यांच्या तक्रारीमुळे सेशन टाइमआऊट बारा तास केलेला होता, आणि कार्ट बनवताना इनिटमध्ये टॅक्स सर्व्हिस देऊन ती कार्टच्या आत ठेवलेली होती. रात्री नऊ-दहाला लॉगिन झालेल्या लोकांच्या कार्ट जुन्या टॅक्स सर्व्हिसला धरून होत्या. ॲप्लिकेशनमधून ती गेली होती, पण त्या कार्टच्या पोटात जिवंत होती, २८ टक्क्यांसकट. सगळ्यांना लॉगआऊट करायला सांगितलं आणि त्याच आठवड्यात कार्टमधून सर्व्हिस काढल्या.

म्हणून माझ्या कार्टमध्ये आता फक्त डेटा असतो, प्रॉडक्ट आयडी, नग, बस. टोटल काढायची वेळ आली की ॲप्लिकेशनमधली सर्व्हिस कार्ट हातात घेते आणि हिशोब करून देते, सेशनमध्ये सर्व्हिसचं नावही नाही. याचा दुसरा फायदा क्लस्टरमध्ये, म्हणजे एकापेक्षा जास्त सर्व्हर असताना होतो, सेशन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर न्यायचं किंवा रेडिसमध्ये (सर्व्हरबाहेरचा साठा) ठेवायचं तर ते सिरियलाइज होतं, म्हणजे पाठवता येईल अशा सपाट डेटात बदलतं, आणि कार्टच्या पोटात सर्व्हिस असेल तर तिच्यामागून डीएओपर्यंत सगळी वरात निघते.

सीएफथ्रेड (काम मागे वेगळं चालवणारा टॅग) वापरत असशील तर एक. थ्रेडला ॲट्रिब्यूट म्हणून काही दिलं की त्याची डीप कॉपी होते, म्हणजे सर्व्हिस ॲट्रिब्यूटमधून दिलीस तर थ्रेडला वेगळीच सर्व्हिस मिळते आणि कॅशे का रिकामा आहे म्हणून तू बघत बसतोस. थ्रेडच्या आतून ॲप्लिकेशन डॉट करूनच घे, आतून स्कोप वाचायचा नाही हा नियम इथे मोड.

प्रत्येक पानावर ऑब्जेक्ट बनवणं हे काही पाप नाही, हेही सांगून ठेवतो. एमएक्सच्या काळात सीएफसी बनवणं खरंच महाग होतं, ८ पासून बरंच सुधारलं. महिन्यातून चार वेळा चालणाऱ्या रिपोर्टचा कंपोनंट असेल, आत फिल्टर, तारखा असलं बरंच लक्षात ठेवणारा, तर तो तिथल्या तिथे बनव आणि फेकून दे. मी तरी तो शेअर करायच्या भानगडीत पडत नाही.

तर उद्या सकाळी पहिल्यांदा ती ऑनसेशनस्टार्टमधली ओळ बदल, कार्टची गळती तिथेच थांबेल. मग व्हारस्कोपर, रेट सर्व्हिसपासून सुरुवात. ते होईपर्यंत महिनाअखेर आलीच तर रेट सर्व्हिस तात्पुरती परत रिक्वेस्टमध्ये आण, थोडं स्लो चालेल पण रेट चुकणार नाहीत, सिनियरला मी सांगितलं म्हणून सांग. आणि सर्व्हरवर कोल्डफ्युजन २०२१ ची अपडेट १३ किंवा २०२३ ची अपडेट ७, म्हणजे मार्च २०२४ नंतरचं काही टाकायचं ठरत असेल तर हे काम आधी उरक. त्या अपडेटपासून नुसतं नाव दिलं की फॉर्म, यूआरएल वगैरे स्कोपमध्ये आपोआप शोधणं डिफॉल्टने बंद झालंय, त्यामुळे जिथे जिथे प्रीफिक्स नाही तिथे अनडिफाइन्डच्या एरर येतील, आणि दोन्ही गोष्टी एकाच दिवशी केल्यास तर कुठली एरर कशामुळे आली हे शोधण्यातच तुझा रविवार जाईल.